गोट्याच्या डॉक्टरताईंना

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गोट्यानं, म्हणजे पाळलेल्या बॉल पायथननं (अजगराच्या कुळातला साप), अखेर काल उंदीर खाल्ला. लेकीनं आवाज न करता हातानंच मला बोलावलं आणि आम्ही दोघी दारातूनच बघत राहिलो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. हे चार जणांनी वाचावं असं वाटतं, म्हणून पत्र उघडंच ठेवते.

बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन्महिने तोंड मिटून बसू शकतो, हे तुमच्या आधी आम्हाला कोणीच सांगितलं नाही. दुकानदार म्हणाला, "जिवंत उंदीर सोडा, खाईल." न खाणाऱ्या सापाला उंदीरच चावून जखमी करतो, हे साप विकणाऱ्याला ठाऊक असायला नको? पहिल्या दवाखान्यात जबडा उघडून घास कोंबायची भाषा झाली. लेकीचे डोळे भरून आले, तेव्हा तिथलं कोणीतरी म्हणालं, "सापच तर आहे." ते अजून मनाला लागून आहे. माझं माहेर बत्तीस शिराळ्याजवळचं, त्यामुळे फोनवरून दूध पाजायचे सल्लेही आले. त्यांची माया खरी, पण दूध हे सापाचं अन्नच नव्हे.

तुमच्याकडे आलो त्या दिवशी न्यू जर्सीत बर्फ पडत होता. तुम्हीही बाहेरूनच आला होतात. तुम्ही लगेच पेटी उघडली नाहीत. आधी गरम पाण्याच्या नळाखाली हात धरलेत, पुसलेत, एकमेकांवर चोळलेत. मग ओंजळ पुढे केलीत आणि थांबलात. "गार हात नको वाटतात त्याला," एवढंच लेकीला म्हणालात. अंगाचा चेंडू करून बसलेला गोट्या हळूहळू सैल झाला, जीभ लपलपवत तुमच्या मनगटावर चढला. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. ताई, आम्हाला तिथेच निम्मा धीर आला.

पुढचं सगळं लेकीच्या वहीत आहे. मला मात्र एक गोष्ट चटका लावून गेली. पश्चिम आफ्रिकेत बिळांत आणि वारुळांत दिवस काढणारा हा जीव, आणि दुकानानं दिलेल्या काचेच्या पेटीत लपायला एकच जागा, तीही गार बाजूला. ऊब घ्यायची तर उघड्यावर यायचं, लपायचं तर गारठायचं. असा जीव खाणार कसा? आता ३२ अंशांच्या उबदार बाजूलाही त्याचं घर आहे. गोठवलेला मेलेला उंदीर वितळवून, नीट कोमट करून समोर धरला, तेव्हा ओठांवरच्या खळग्यांना ती ऊब जाणवली असावी. क्षणात झडप घातली त्यानं.

जो शेपूट हलवत नाही, हाकेला ओ देत नाही, अशा जिवाशीही कोणी इतक्या अदबीनं वागतं, हे माझ्या लेकीनं तुमच्याकडे पाहिलं. अशी माणसं फार भेटत नाहीत हो. जिथे भेटतात, तिथे त्यांचं नाव काढावं, त्यांना कळवावं.

वजन दर आठवड्याला लिहितोय. पुढच्या तपासणीला येताना वही आणते, आणि तुमच्यासाठी घरच्या चकल्याही. नाही म्हणू नका.

तुमची,
गोट्याच्या घरची आई