ताई, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

ताई, जय भीम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि माझंही लिहिलेलं नाही, म्हणजे फिट्टंफाट.

२१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटलच्या नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. नोकरीत, भाड्याच्या घरात, दुकानात, हॉटेलात. अमेरिकेतलं हे पहिलंच शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या, वाढल्या मुंबईत, त्यामुळे आपल्याकडच्या पेपरांतही बातमी ठळक आली. तुमच्या स्वयंपाकघराबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. आठवड्याचे सगळे दिवस ऑफिस करून रविवारी तिथे बसून कोण बोलणार, कोणाला कोणाच्या गाडीतून न्यायचं, कुणाच्या पोराला कोण सांभाळणार, हे तुम्ही पोळ्या लाटता लाटता ठरवत होता.

मी तिथे पहिल्यांदा आले तेव्हा माझी गोष्ट सांगायलाही लाज वाटत होती, इतकी ती बारीक होती. नवी नवी आले तेव्हा दोन मराठी मुलींबरोबर राहत होते. भाद्रपदात एकीने विचारलं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" आमच्याकडे नसतो, म्हटलं. मग आडनाव. मग गाव. वडील औरंगाबादला नागसेनवनात, बाबासाहेबांनी उभारलेल्या कॉलेजात शिकले, हे मी अभिमानाने सांगून बसले. कुणी वाकडं बोललं नाही. आठवड्याभरात फ्रिजमधला माझा कप्पा तेवढा वेगळा झाला, आणि कुकर "जरा लागतोय" म्हणून आत गेला.

तुम्ही हसला नाहीत. "तारीख आठवते का?" एवढंच विचारलंत, आणि लिहून घेतलंत.

बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की परदेशातल्या पाच वर्षांत अस्पृश्यतेची जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि १९१७ साली बडोद्याला उतरल्यावर राहायचं कुठे हा प्रश्न पुढे उभा राहिला. माझं उलटं झालं. पुण्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं निभावली आणि विमानातून उतरल्यावर हे.

पण आज आभार मानायचेत ते माझी गोष्ट लिहून घेतल्याचे नाहीत. तुम्ही मला "बोल" म्हणाला नाहीत, त्याचे आहेत. सगळे म्हणत होते, नगर परिषदेत माईकसमोर उभी राहा. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की दुसरी शोधायला हातात साठ दिवस, आणि ज्याच्या हाताखाली काम करत होते तोही आडनावांची चौकशी करणाऱ्यांतलाच. तुम्ही म्हणालात, "तू गाडी चालव. तुझं मी वाचते." आणि तुमच्या वाट्याला आलेल्या तेवढ्याशा वेळात स्वतःचं अर्धं गिळून माझ्या फ्रिजच्या चार ओळी वाचल्यात. मी मागच्या रांगेत कोटाच्या खिशात गाडीच्या किल्ल्या घट्ट धरून बसले होते. माझंच वाक्य तुमच्या आवाजात ऐकलं तेव्हा ते बारीक वाटलं नाही.

गंमत म्हणजे माझं ऑफिस तळ्याच्या पलीकडे बेलव्ह्यूला. तिथे तो कायदा लागूच नाही! परतताना पुलावर मी हे म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "मग पुढची सभा तिकडे." त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्यांच्या राज्यातलं असंच विधेयक सही न करता परत पाठवलं. त्या रात्री मी रडून फोन केला, आणि तुम्ही पलीकडून विचारलंत, जेवलीस का?

जेवले नव्हते. तासाभरात तुम्ही दारात, स्टीलचा डबा घेऊन.

तो डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा कसा परत करू? आईने लातूरहून येसर पाठवलंय. रविवारी येते. आमटी तुमच्याच गॅसवर करू, आणि हो, कुकर माझा आणते.

तुमची,
मागच्या रांगेतली