चार वर्षांनी कुमसारला जाताना

प्रिय बाळा,

परवा फोनवर बोलता बोलता तू सांगून गेलास, की रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला जातोस पण ख्रिस्तशरीर, ती पवित्र भाकर, घ्यायला रांगेत उभा राहत नाहीस. कुमसारला, म्हणजे फादरांसमोर आपली पापं कबूल करायला, जाऊन चार वर्षं झाली, आता कुठल्या तोंडाने जायचं, म्हणालास, आणि लगेच पुण्याच्या ट्रॅफिकवर घसरलास. काय केलंस ते मी विचारणार नाही. ते तू, फादर आणि देव यांच्यातलं. पण ‘कुठल्या तोंडाने’ याबद्दल मला बोलायचं आहे आणि ‘कसं’ याबद्दलही.

आधी तोंडाचं. बायबलात लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र, बापाकडून वाटा घेऊन दूर देशी उधळून बसलेला, तुला लहानपणापासून माहीत आहे. आता पुन्हा उघड आणि फक्त त्याचं भाषण वाच. डुकरांच्या शेंगांनी तरी पोट भरावं असं वाटू लागतं, तेव्हा घरी गेल्यावर काय बोलायचं ते तो मनात जुळवतो. त्यात तीन गोष्टी असतात. मी पाप केलं आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही. मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. हे झालं अठराव्या-एकोणिसाव्या वचनात. एकविसाव्यात तो प्रत्यक्ष बापासमोर बोलतो, तेव्हा मोजून बघ, पहिल्या दोनच येतात. तिसरी ओठांवरच राहते, कारण बापाने तोवर चाकरांना हाका मारायला सुरुवात केलेली असते. झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला.

म्हणजे कबुली बापाने ऐकून घेतली, नोकरीचा अर्ज घेतलाच नाही. आणि आपण बहुतेक जण तोच अर्ज घेऊन जातो. ‘देवा, रोज रोझरी म्हणेन, उपवास करीन, मग तरी मला जवळ कर.’ रोझरी म्हणावी, उपवासही करावा, पण हप्ते फेडल्यासारखे नाही. गंमत म्हणजे त्याच गोष्टीतला थोरला भाऊही हेच बोलतो. इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय आणि तुम्ही मला साधं करडूसुद्धा दिलं नाही! एक घर सोडून गेला, दुसरा घरातच राहिला, आणि दोघेही स्वतःला नोकर समजत होते. तू चार वर्षं चर्चच्या मागच्या बाकावर बसतोस तो नोकरासारखाच बसतोस. देवावर प्रेम करणं म्हणजे काय असं तू कॉलेजात असताना विचारायचास. लूकच्याच सातव्या अध्यायात येशूने पाचशे दिनार आणि पन्नास दिनार माफ झालेल्या दोन कर्जदारांचा दाखला दिला आहे. ज्याला जास्त सोडलं तो जास्त प्रेम करतो. तिथला क्रम नीट बघ. आधी माफी, मग प्रेम. तू उलट्या बाजूने चढायला बघतोस, आधी प्रेम करण्याच्या लायकीचा होईन आणि मग माफी मागेन. अशी लायकी कधीच येत नाही, म्हणून चार वर्षं जातात.

आता आपल्या मराठी बायबलातला एक शब्द. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनात, ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’ असं आहे. पदरी घेणं म्हणजे ‘हे माझं’ म्हणणं. घडलं, परिस्थितीच तशी होती, सगळेच करतात, हे पदरी घेणं नाही. आणि ‘मी म्हणजे पापीच, माझ्यात चांगलं काहीच नाही’ हेही नाही. ते तर सगळ्यात सोपं, कारण त्यात एकाही गोष्टीचं नाव घ्यावं लागत नाही.

तेव्हा कसं जायचं ते ऐक. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाच पायऱ्या पाठ करून घेतात: आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, निश्चय, निवेदन, प्रायश्चित्त. मुलं पाठ करतात आणि मोठी झाल्यावर फक्त चौथी लक्षात ठेवतात.

आत्मपरीक्षणाला चार वर्षांसाठी अर्धा-पाऊण तास पुरे. दोन दिवस खणत बसू नकोस. दहा आज्ञा समोर ठेव आणि एकेका ठिकाणी थांब. चौथीपाशी आईवडिलांचाच नाही तर घरच्या जबाबदाऱ्यांचा विचार कर. सातवीपाशी ऑफिसची खोटी बिलं आणि कोणाचे बुडवलेले पैसे. आठवीपाशी ग्रुपवर पुढे पाठवलेली दुसऱ्याची बदनामी. गंभीर पाप ठरायला तिन्ही गोष्टी लागतात: बाब मोठी हवी, ती मोठी आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि तरीही मनापासून संमती हवी. यातली एक जरी नसली तरी ते पाप हलकं. हलकी पापं सांगणं चांगलं, पण बंधनकारक नाही. गंभीर मात्र प्रकार आणि संख्या यांसह सांगावी लागतात. संख्या आठवत नसेल तर ‘वर्षभर, महिन्यातून दोन-तीनदा’ एवढा अंदाज चालतो. कागदावर लिहून नेलंस तरी हरकत नाही, फक्त नंतर तो फाडून टाक. मोबाइलवर लिहू नकोस, तो टेबलावर उघडा पडलेला असतो.

पश्चात्ताप म्हणजे रडू येणं नव्हे. तो इच्छेत असतो, डोळ्यांत नाही. देवावरच्या प्रेमापोटी दुःख झालं तर तो पूर्ण पश्चात्ताप. शिक्षेच्या भीतीने किंवा पापाची किळस येऊन झालं तर अपूर्ण. कुमसारसाठी अपूर्णही पुरतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. आणि पूर्ण पश्चात्ताप असेल, शक्य तितक्या लवकर कुमसारला जायचा निश्चय असेल, तर गंभीर पापाचीही क्षमा तिथेच मिळते. रात्री दोन वाजता तुझ्या खोलीत फादर कुठून आणशील? तेव्हा हे लक्षात ठेव. ख्रिस्तशरीर घ्यायला मात्र एरवी आधी कुमसार व्हायलाच हवा.

निश्चयाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गाडी अडते ती इथे. ‘पुन्हा कधीच नाही’ हा निश्चय ऐकायला मोठा आणि करायला पोकळ. तू ज्यात पडतोस त्याच्या अर्धा तास आधी काय होतं ते बघ. कुठली वेळ, कुठली खोली, कोण सोबत, हातात काय. आपण याला पापाचा प्रसंग म्हणतो. निश्चय त्या अर्ध्या तासाचा कर. रात्री अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. त्या मित्रांबरोबर जेवायला जा, पण नंतर ‘बसायला’ नको. उद्या आपण पुन्हा पडू अशी भीती वाटली म्हणून निश्चय खोटा ठरत नाही. आता, या क्षणी, पडायचं नाही असं खरंच वाटत असेल तर तो खरा.

कुमसार फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होत नाही, समोरासमोरच व्हावा लागतो. पुण्यात ओळखीचे फादर नको वाटत असतील तर अनोळखी चर्चमध्ये जा. नाना पेठेतलं सिटी चर्च आहे, ज्याला १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली. कुमसारची वेळ ऑफिसात विचार. मिस्साच्या पाच मिनिटं आधी गाठू नकोस, घाईत तुझंही होत नाही आणि फादरांचंही. जाळीआड गुडघे टेकायचे की समोर खुर्चीवर बसायचं, हे तू ठरव. क्रूसाची खूण कर, आणि मग: ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. मागच्या कुमसारला चार वर्षं झाली. कसं करायचं ते विसरलो आहे, मदत करा.’ हे शेवटचं वाक्य नक्की म्हण. पुढचं निम्मं काम फादर करतील.

सगळ्यात जड आहे ते सगळ्यात आधी सांग. माणूस हलक्यापासून सुरुवात करतो, धीर जमेपर्यंत वेळ संपतो, आणि मुख्य गोष्ट ‘आणि बाकीची पापं’ या शब्दांत गुंडाळली जाते. दुसऱ्याचं नाव घेऊ नकोस. पार्श्वभूमी लागेल तेवढीच. बॉसचा स्वभाव हा तुझ्या कुमसारचा विषय नाही. एखादं गंभीर पाप खरंच आठवलं नाही तर त्याचीही क्षमा झाली, पुढच्या वेळी आठवलं तर सांगायचं. जाणूनबुजून लपवलंस तर मात्र अख्खा कुमसार वाया, आणि वर आणखी एक पाप. लाज वाटली तर तेवढंच म्हण, ‘फादर, एक गोष्ट सांगायला जमत नाही.’ ते विचारून विचारून काढतील. फादरांनी जे ऐकलं ते त्यांना पोलिसांना सांगता येत नाही, बिशपांना सांगता येत नाही, तुझ्याशी वागण्यातही दाखवता येत नाही. मोडलं तर ते त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतात.

मग फादर प्रायश्चित्त सांगतील, तू पश्चात्तापाची प्रार्थना म्हणशील आणि ते पापमुक्तीचे शब्द उच्चारतील. त्या वेळी मनात प्रार्थना पुटपुटत बसू नकोस. गप्प राहून ऐक आणि ‘आमेन’ म्हण. प्रायश्चित्त त्याच दिवशी, जमल्यास तिथेच बाकावर बसून कर. चार वर्षांच्या पापांना तीन ‘नमो मरिया’ प्रार्थना दिल्या म्हणून स्वस्तात सुटलो असं वाटेल. प्रायश्चित्त ही किंमत नाही. किंमत क्रूसावर दिली गेली आहे. पण कोणाचे पैसे घेतले असतील तर ते परत करावे लागतील, क्षमा झाली म्हणून कर्ज फिटत नाही. नाव न सांगता पोहोचवलेस तरी चालतात. कोणाबद्दल खोटं बोलला असशील तर जिथे बोललास तिथेच खोडून काढ. आणि कोणाला तू स्वतः माफ केलं नसशील तर मत्तयचा अठरावा अध्याय आहेच. दहा हजार तालान्त म्हणजे अंदाजे सहा कोटी दिवसांची मजुरी, ती माफ झालेला माणूस शंभर दिनारांसाठी, शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, दुसऱ्याचा गळा धरतो. धाकट्या काकांना एक फोन कर, एवढंच म्हणते.

आता मला सगळ्यात जास्त काळजी आहे त्या गोष्टीकडे येते. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने नंतर काय केलं ते मत्तयच्या सत्ताविसाव्या अध्यायात बघ. त्याला आपली चूक कळली. तो पस्तावला. ‘मी पाप केलं’ असं त्याने तोंडाने म्हटलं. तीस नाणी परत नेऊन दिली. पायऱ्या मोजल्यास तर जवळजवळ सगळ्या चढला. फक्त गेला चुकीच्या दारात. मुख्य याजकांकडे. ते म्हणाले, त्याचं आम्हांला काय, तुझं तू बघून घे. आणि त्याने तो निकाल शेवटचा मानला. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पाप काही लहान नव्हतं, येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला, तेही कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभं राहून. पण तो इतरांत राहिला, आणि सरोवराच्या काठी येशू दिसताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. योहान सांगतो की काठावर पुन्हा कोळशाचा विस्तव होता, वर मासळी आणि भाकर. तिथे येशूने ‘असं का केलंस’ असं एकदाही विचारलं नाही. ‘माझ्यावर प्रेम करतोस का’ असं तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा उत्तर मिळाल्यावर मेंढरं सांभाळायला दिली.

तुझ्या आतला आवाज ‘तुझं तू बघून घे’ असं म्हणू लागला, तर तो कोणाचा ते ओळख.

कुमसारहून बाहेर आल्यावर हलकं वाटेल, कदाचित काहीच वाटणार नाही. दोन्ही चालतं. क्षमा झाली की नाही हे छातीत तपासायचं नसतं, फादरांनी शब्द उच्चारले ते प्रमाण. तुझा स्वभाव बघता आठवड्याभराने शंका येईल: नीट सांगितलं का, संख्या चुकली का, पुन्हा जाऊ का? जाऊ नकोस. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला असताना याच शंकांनी इतका पोखरला होता की जीव द्यावासा वाटत होता. आधी तीन दिवस लागून लिहून काढलेला कुमसार झाला होता, तरी जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगायची ओढ सुटत नव्हती. सुटका झाली ती जुनं पुन्हा सांगायचं नाही असं त्याने ठरवलं तेव्हा. तूही एकच फादर धर, दर महिन्याला त्यांच्याकडेच जा आणि त्यांनी ‘हे झालं’ म्हटलं की झालं. शंका तरीही हटत नसतील, झोप उडत असेल, तर फादरांबरोबर डॉक्टरांनाही दाखव. हाही आजार असू शकतो, आणि आजाराला कुमसार हे औषध नाही.

पुन्हा पडलास तर चार वर्षं थांबू नकोस. त्याच आठवड्यात जा. तेच पाप पुन्हा सांगायची लाज वाटेल. नवीन पाप करून जाण्यापेक्षा ते बरं.

आणि हो, जाऊन आलास की काय काय सांगितलंस ते मला सांगू नकोस. गुप्ततेचं बंधन फादरांवर आहे, तुझ्यावर नाही, पण तरीही नको. जेवलास का, तेवढं कळव.

तुझी,
आई