आई-बाबा, मी जिथे पळते ती वाट

ब्रायटन, इंग्लंड, फेब्रुवारी

प्रिय आई-बाबा,

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझे गुडघ्यापर्यंत पांढऱ्या चिखलाने भरलेले पाय बघून आई तू एकदम गप्प झालीस आणि बाबा तुम्ही म्हणालात एकटी कशाला डोंगरात पळतेस गं, तिथे कोण आहे आपलं, ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. तेव्हा मी काही होत नाही म्हणून विषय संपवला. पण वॉर्डात मी रोज बघते ना, नातेवाईकांना नुसतं काळजी करू नका म्हटलं की काळजी वाढते, नीट बसून सगळं सांगितलं की ती जरा उतरते. म्हणून आज नाइट ड्युटी संपवून झोपून उठले आणि लिहायलाच बसले. फोनवर नाही होत हे.

तर मी जिथे पळते त्या डोंगररांगेला साउथ डाउन्स म्हणतात. डोंगर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर अजिंक्यतारा येणार, कडे, दरी, तसं इथे नाहीये. इथे जमीन लाटांसारखी वर जाते खाली येते, हिरवीगार, झाडं कमी, मेंढ्या खूप. सगळ्यात उंच टेकाड माझ्या वाटेजवळचं म्हणजे डिचलिंग बीकन, ते समुद्रसपाटीपासून २४८ मीटर, म्हणजे आपलं साताऱ्यातलं घरच त्याच्या दुपटीपेक्षा उंचावर आहे! विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत साउथ डाउन्स वे नावाची १६० किलोमीटरची वाट या रांगेवरून जाते, काही लोक ती अख्खी एका दमात पळतात, मला त्यातला छोटासा तुकडा पुरतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ट्रेनने हॅसक्स नावाच्या स्टेशनला जायचं, दहा-एक मिनिटं लागतात, आणि तिथून पळत घरी यायचं. बारा-तेरा किलोमीटर होतात. आधी सपाट, मग क्लेटन गावाच्या मागून चढ सुरू होतो, तो मी पळत नाही, भराभर चालते, कमरेवर हात ठेवून, बाबा तुम्ही साताऱ्यात 'चार भिंती'च्या टेकडीच्या चढावर चालायचात तसंच. वर पोचलं की दोन पवनचक्क्या, एक काळी एक पांढरी, त्यांची नावं जॅक आणि जिल. पांढरी जिल १८२१ साली बांधली ती खाली ब्रायटनमध्ये, आणि १८५२ ला तिला उचलून बैल लावून ओढत या टेकडीवर आणली. आई, आख्खी पवनचक्की, बैलांनी! त्या चढावर माझाच श्वास फुलतो म्हणून दर वेळी मला ते बैल आठवतात.

आता बाबांचा मुख्य प्रश्न, लोकांच्या शेतातून कशी काय जातेस, कोणी अडवत नाही का. बाबा, तुम्ही गावच्या वहिवाटीपायी किती वर्षं कोर्टात खेटे घातलेत ते मी बघितलंय, म्हणून तुम्हाला हे आवडेल. इथे जुन्या वहिवाटी नकाशावर नोंदवलेल्या असतात, इंग्लंड-वेल्समध्ये मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास. शेत कोणाचंही असो, नोंदलेल्या वाटेवरून कोणीही चालू शकतं, शेतकऱ्याला ती बंद करता येत नाही. खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही. कुंपणाला फाटक असतं, ते उघडं मिळालं तर उघडं ठेवायचं आणि बंद मिळालं तर बंद करायचं, एवढाच नियम. पण हे काही फुकट मिळालेलं नाही बरं का, १९३२ ला किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो कामगार पोरं मुद्दाम मालकांच्या हद्दीत घुसली, काही जण तुरुंगात गेले, आणि पुढे १९४९ ला राष्ट्रीय उद्यानांचा आणि या वाटांचा कायदा झाला. मला त्या पोरांबद्दल फार वाटतं. सहा दिवस गिरणीत राबायचं आणि सातव्या दिवशी डोंगरावर जायलाही बंदी.

सुरक्षेचं पण लिहून टाकते म्हणजे आई तू शांत झोपशील. पाठीवर छोटी बॅग असते, त्यात पाणी, शिट्टी, चार्ज केलेला फोन, एक पातळ चमकणारी चादर जी थंडीत अंगाला गुंडाळता येते, आणि तू पाठवलेली खजुराची वडी. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो म्हणून हिवाळ्यात मी दुपारनंतर वर जातच नाही. निघताना खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला कुठून कुठे आणि किती वाजता परत ते मेसेज करते, उशीर झाला तर ती फोन करते. गायींबरोबर वासरं असतील तर लांबून वळसा घालते. आणि खरं तर मी एकटी नसतेच गं, रविवारी सकाळी वर जत्रा असते, म्हातारी जोडपी काठ्या घेऊन, कुत्री, सायकलवाले, आणि प्रत्येक जण मॉर्निंग म्हणतो. एकदाच घसरून पडले, नोव्हेंबरात, मनगट मुरगळलं, तुम्हाला सांगितलं नव्हतं. सॉरी. लपवायला नको होतं, यापुढे सांगेन.

घसरले ते खडूवर. बाबा, हा भाग खास तुमच्यासाठी. हे अख्खे डोंगर खडूचे आहेत! म्हणजे शाळेतला खडू बहुतेक जिप्समचा असतो हे तुम्हीच वर्गात सांगायचात, हा मात्र खरा चॉक, ८-९ कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी अतिसूक्ष्म जिवांची कवचं साचून साचून झालेला. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडापेक्षाही जुना. वाट पांढरीफेक असते, मध्ये मध्ये गारगोटीचे धारदार तुकडे, पाऊस पडला की साबणासारखी होते आणि तो पांढरा चिखल बुटांना असा धरतो की दोन दिवस निघत नाही. पाणी खडूत मुरून जातं, त्यामुळे वर ओढा नाही की झरा नाही, पूर्वी मेंढ्यांसाठी खड्डे खणून तळाला चिकणमाती चोपून तळी करायचे, ती अजून आहेत काही. मुरलेलं पाणी खाली खडकात साठतं आणि ब्रायटन तेच पाणी पितं, मी पण. गवत मेंढ्यांनी चरून चरून इतकं बारीक ठेवलंय की त्यात इवली इवली फुलं येतात, चांगल्या जागी एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींची झाडं सापडतात म्हणे. कास आठवतं. आणि चंडोल! आपल्या माळावरच्यासारखाच उभा वर जातो आणि गात राहतो, दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगते. पवनचक्क्यांवरून दक्षिणेला वळलं की उतार लागतो, समोर समुद्र दिसायला लागतो आणि मध्येच, आजूबाजूला काही नाही, फक्त गवत आणि मेंढ्या, तिथे पांढऱ्या संगमरवराची घुमटी उभी आहे. तिचं नावच छत्री. पहिल्यांदा मी चुकून पोचले होते आणि पाटी वाचून तिथेच बसले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले आपले हिंदुस्थानी जवान ब्रायटनला आणायचे, इथल्या राजवाड्याचं, पॅव्हिलियनचं, हॉस्पिटल केलं होतं, वेगवेगळ्या धर्मा-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरं होती. त्यातले जे गेले त्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना या टेकडीवर अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. १ फेब्रुवारी १९२१ ला ही छत्री उघडली, आराखडा मुंबईच्या एका तरुण वास्तुविशारदाचा, हेन्रिक्स आडनावाचा. बाजूच्या दगडावर त्या ५३ जणांची नावं आहेत. आपल्या मराठा पलटणी जास्त करून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या सैनिकांच्या गावचं, अपशिंग्याचं, कोणी इथे नसणार, तरी मी प्रत्येक नाव हळू वाचते.

मला राहवत नाही कारण हॉस्पिटलात रात्री माणूस जातो तेव्हा काय होतं ते मला माहितीये. कोणीतरी हात धरलेला असतो, बहुतेक वेळा आम्हीच. त्यांचा कोणी धरला असेल, त्यांची भाषा कोणाला येत असेल, घरी पत्र किती दिवसांनी पोचलं असेल. पण त्यांना इथवर कोणीतरी आणलं, लाकडं रचली, मंत्र म्हटले, त्या थंड वाऱ्यात. दर वेळी मी घड्याळ थांबवते, बूट काढते, पाच मिनिटं उभी राहते आणि मग उतरते. बाबा, तुम्ही म्हणालात ना तिथे कोण आहे आपलं.

म्हणून म्हणते जूनमध्ये या. व्हिसाचं मी बघते. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, चिखल वाळलेला असतो. छत्रीपर्यंत गाडी जात नाही, पायीच जावं लागतं, चढ हलका आहे पण बाबांच्या डाव्या गुडघ्याला घाई नको, आपण थांबत थांबत जाऊ, मी थर्मास आणि घडीचं स्टूल घेईन. नाहीच जमलं तर ७७ नंबरची बस स्टेशनपासून थेट डेव्हिल्स डाइकच्या माथ्यावर नेऊन सोडते, तिथे शंभरेक मीटर खोल कोरडी दरी आहे आणि बाकावर बसून सगळं दिसतं. आई तू विचारशीलच म्हणून आधीच सांगते, वारा फार असतो, निरांजन टिकणार नाही, आपण फुलं नेऊ.

एक काम करा. दोघांच्या पायांचं माप कागदावर पेन्सिलने काढून मला फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवून. सकाळी नको, संध्याकाळी काढा, दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि बूट त्या मापाचे लागतात. बाबांचा डावा आणि उजवा वेगळा काढा.

तुमची,
सोनू