माध्यान्ह आहार अंगी लागावा म्हणून

प्रति,
मा. शिक्षणमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

विषय: शाळेतला आहार आणि शाळेतला संडास एकाच फायलीत घेण्याबाबत

महोदय,

विषय वाचून कपाळाला आठी पडली असेल, तर पडू दे. मी डिचोली तालुक्यात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. पचनसंस्थेच्या धड्यात गुदद्वार हा शब्द आला की वर्ग फिदीफिदी हसायचा आणि तो आवरण्यात तास जायचा. मुलांचे समजू शकते. पण आपल्या योजना आखणाऱ्यांनीही हा धडा जठरापर्यंतच वाचून मिटलेला दिसतो.

माध्यान्ह आहाराचा, म्हणजे आताच्या पीएम पोषणचा हिशेब पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. महिला मंडळे आणि स्वयंसाहाय्य गट रांधून डबे शाळेत पोचवतात (त्यांची बिले रखडतात हा विषय वेगळा, पण तोही तुमच्याच टेबलावर आहे). किती मुले जेवली याचा आकडा वहीत चढतो आणि सरकारच्या लेखी पोषण झाले. मुलाच्या शरीराच्या लेखी ते तेव्हा कुठे सुरू होते.

पाव-भाजीचा घास दोन-चार तास जठरात घुसळला जातो. तिथे अंगाला फारसे काही लागत नाही. खरे काम पुढे, लहान आतड्यात. स्वादुपिंडाचा रस आणि पित्त मिसळून पिष्टाची साखर होते, प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, तेलाचे बारीक थेंब होतात. आतड्याच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे दाटीने असतात आणि त्या उंचवट्यांवर आणखी सूक्ष्म उंचवटे. साखर आणि अमिनो आम्ले त्यांतून रक्तात शिरून थेट यकृताकडे जातात. स्निग्ध पदार्थ मात्र आधी लसिका या फिकट द्रवाच्या वेगळ्या वाहिन्यांतून फिरून मग रक्तात येतात. आतड्याचे हे सगळे उंचवटे सपाट पसरले तर टेनिस कोर्ट भरेल असे आम्ही मुलांना सांगत असू. 2014 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजले, तेव्हा प्रौढ माणसाच्या अख्ख्या अन्नमार्गाचे अस्तर तीस-बत्तीस चौरस मीटर भरले. म्हणजे एका लहान वर्गखोलीएवढे. तेही पोटात मावते हे काय कमी आहे?

आता लोहाचे बघू, कारण गोव्याचे दुखणे तिथे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले रक्तक्षयी आढळली. हीच मुले पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. तांबड्या भाजीत लोह आहे, आळसांद्यात आहे, कुळथात आहे. पण वनस्पतीतले लोह शरीर सहजी घेत नाही. ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषले जाते, आणि तेही थोडेच. सोबत क जीवनसत्त्व असेल तर जास्त, आणि चहा असेल तर आणखी कमी, कारण चहातली टॅनिने लोहाला धरून ठेवतात. भाजी किंवा उसळीवर लिंबाची फोड पिळायला द्या, एवढे साधे काम आहे. उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय होतो ते मलाही माहीत आहे. हंगामात पेरू द्या, आवळा द्या. मात्र कुठे डब्यासोबत चहा येत असेल तर तो तेवढा बंद करा.

आठवड्याची लोहाची गोळी शाळा देते, छान. पण गोळीतले जे लोह शोषले जात नाही ते शौचावाटे बाहेर पडते आणि शौचाचा रंग काळा होतो, हे घरी कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तक मिटून ठेवायला लावणारा प्रश्न मला एका आईने शाळेच्या फाटकापाशी विचारला होता: "बाई, पोरीला काळे होते. गोळ्या बाधल्या काय?" तिने गोळ्या कधीच बंद केल्या होत्या. गोळीसोबत दोन ओळींची चिठ्ठी घरी गेली असती, तर पोरीचा डोस चुकला नसता. तिच्या वर्गाच्या वहीत मात्र गोळ्या वाटल्याची नोंद चोख होती.

मोठ्या माणसाच्या अन्नमार्गात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातला खाण्यापिण्यातून आलेला जेमतेम दोन लिटर, बाकी लाळ, जठररस, पित्त असा शरीराचा स्वतःचाच. त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत घेते. लहान आतडे बहुतेक, मोठे आतडे लिटर-दीड लिटर; शौचावाटे जाते ते फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर. न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो तोही निव्वळ कचरा नसतो. तिथले जिवाणू त्यातल्या तंतूंवर जगतात आणि त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांवर आतड्याच्या भिंतीचे पोषण होते. म्हणून पांढऱ्या मैद्याच्या पावापेक्षा पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, बरी. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, ती घेता येईल. हल्ली मैद्यावर वरून कोंडा भुरभुरवून तिला पोई म्हणतात, तेवढे मात्र बघून घ्यावे लागेल.

हे पत्र लिहायला बसले ते खरे तर पुढच्या गोष्टीसाठी. मोठे आतडे पाणी शोषण्याचे काम थांबवत नाही. मुलाने शौच रोखून धरले की ते आत राहून आणखी कोरडे आणि कडक होते. मग जाताना दुखते, दुखते म्हणून मूल पुन्हा रोखते. आतड्याचा शेवटचा भाग ताणला जाऊन त्याची जाणीव बोथट होते, आणि एक दिवस कडक शौचाच्या कडेने पातळ शौच नकळत चड्डीत झिरपते. वर्ग हसतो, बाई रागावतात, आणि ते मूल आजारी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा मुलाची भूकही मरते. भाजी टाकतो, नखरे करतो म्हणून ज्याची तक्रार होते, त्याचे पोट कदाचित तीन दिवस साफ झालेले नसते.

मुले रोखून का धरतात? सकाळी बालरथ, म्हणजे शाळेची बस, गाठायच्या घाईत चहा-पाव पोटात ढकलून मूल निघते. पोटात अन्न पडले की मोठे आतडे हलू लागते, ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे आणि सकाळी ती विशेष जोरात असते. तेव्हा घराबाहेर पडायची वेळ असते. पोचल्यावर प्रार्थना, मग पहिला तास. हात वर केला तर उत्तर ठरलेले: आत्ता नाही, मधल्या सुट्टीत. मधल्या सुट्टीपर्यंत ती कळ विरून गेलेली असते. आणि सुट्टीत गेलेच तर काय दिसते? कडी मोडलेली, मैत्रीण बाहेर दार धरून उभी. टाकी वर आणि नळ कोरडा. एका शाळेत बरा संडास कुलपात आणि चावी मुख्याध्यापकांच्या खणात पाहिली आहे. मुले घाण करतात म्हणून. इमारत आणि टाइल्स बहुतेक ठिकाणी आहेत, त्याबद्दल सरकारला दोष देत नाही. रोजचे पाणी, रोजची सफाई आणि आतून लागणारी कडी यांसाठी मात्र कोणी जबाबदार नसतो.

म्हणून मागणी थोडक्यात करते. संडासाला जायची परवानगी तासाच्या मधेही मिळेल, असे परिपत्रक काढा. शिस्तीचा प्रश्न शिक्षक सोडवतील. सफाईसाठी माणूस आणि पैसा आहाराच्या निधीसारखाच ठरवून द्या. आणि किती मुले जेवली याची जी रोजची नोंद होते, तिच्याच शेजारी आणखी एक रकाना घाला: आज संडास दिवसभर उघडा होता का, आणि पाणी होते का.

तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र आधी फोन करून येऊ देऊ नका. फोन आला की कुलूप निघते आणि बादल्या भरतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका