गच्चीवरच्या हीटरचं वायरिंग: वायरमन काकांचे जाहीर आभार

विश्रामबाग, सांगली

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गच्चीवरच्या ३०० लिटरच्या सोलर टाकीला तुम्ही ३ किलोवॅटचा बॅकअप हीटर जोडून दिलात, त्याबद्दल सोसायटीतर्फे मनापासून आभार. हीटर काय, कुणीही जोडतं. तुम्ही कटआऊट, म्हणजे पाणी फार तापलं की हीटर तोडणारा स्विच, कुठे घातलात, त्यासाठी हे पत्र जाहीर लिहितोय. इतरांच्याही कामी येईल.

३ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. एवढा लोड थर्मोस्टॅटवरून (पाणी ठरल्याएवढं तापलं की सप्लाय तोडणारा) न नेता तुम्ही कॉन्टॅक्टर टाकलात, म्हणजे कॉइलला सप्लाय असेपर्यंतच पॉइंट जुळवून ठेवणारा मोठा स्विच. पण कॉन्टॅक्टरचे पॉइंट कधीकधी चिकटतात. मग थर्मोस्टॅटने कॉइलची सप्लाय तोडली तरी हीटर आपला चालूच. बरेच जण ९० अंशांचा हाय-लिमिट कटआऊटही त्याच कॉइलच्या वायरीत घालतात. म्हणजे कुलपं दोन, पण कडी एकच. तुम्ही तो थेट हीटरच्या फेजमध्ये घातलात, २० अँपिअरचा आणि हाताने रीसेट करायचा. आधी त्याचा तापमान ओळखणारा बल्ब उकळत्या पाण्यात धरून तो तुटतो का, तेही बघितलंत. ही तसदी फार कमी लोक घेतात.

फ्लोट स्विचचा पॉइंट टाकीत पाणी असेल तेव्हाच जुळतो. त्यामुळे वायर उंदराने कुरतडून तुटली तरी हीटर बंदच पडणार. पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं मात्र असं आपोआप होत नाही. १० के एनटीसी म्हणजे गार होईल तसा रेझिस्टन्स वाढणारा सेन्सर. त्याची वायर तुटली की रेझिस्टन्स वाढतो, कंट्रोलर (सेन्सर वाचणारा थर्मोस्टॅट) समजतो पाणी गार आहे, आणि हीटर चालू ठेवतो. म्हणून सेन्सर तुटला की रिले (कॉइलची सप्लाय जोडणारा छोटा स्विच) सोडणारा कंट्रोलर तुम्ही आग्रहाने घ्यायला लावलात. सेन्सरही पीटी-१०० (प्लॅटिनमचा, तापेल तसा रेझिस्टन्स वाढणारा), तीन वायरींचा. तिसऱ्या वायरीमुळे वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा होतो. पॅनेलपासून टाकी ३० मीटर, ०.५ स्क्वेअर एमएमच्या दोनच वायरी ओढल्या असत्या तर जाऊन-येऊन सव्वादोन ओहम वाढले असते. अंशाला ०.३८५ ओहम धरलं तर तापमान सहाएक अंश जास्त दिसलं असतं, आणि पाणी कोमटच का, म्हणून तक्रारी तुमच्या नावावर.

बाकी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा डबल पोल एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच), सेन्सरची केबल वेगळ्या पाइपातून, सगळं चोख. टाकीच्या हवेच्या नळीला व्हॉल्व्ह लावायची मागणी तुम्ही साफ धुडकावलीत, तेही बरं केलंत. ती नळी बंद झाली तर टाकी फुगते.

३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीबद्दल (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) मात्र सगळ्यांसाठी लिहितो. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर (हीटरच्या तापणाऱ्या नळीवर) क्षारांचा थर बसतो, उष्णता पाण्यात जात नाही, नळी तडकते आणि करंट पाण्यात उतरतो. एमसीबीला एवढ्याशा लिकेजचा पत्ताही लागत नाही. हीटर लावल्यावर आरसीसीबी पडला तर तो बायपास करायचा नाही; वायरी सोडवून एलिमेंट ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासायचं. एक मेगओहमच्या खाली आलं की बदलायचं. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं.

दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबणं आणि सेन्सरची वायर सोडवून कॉन्टॅक्टर पडतो का बघणं, हे आता आमच्याकडे. क्षार काढायला दिवाळीआधी या. फ्लँजचं (हीटर बसवायच्या झाकणाचं) नवं गॅस्केट आणून ठेवतो.

आपले,
सोसायटीचे रहिवासी