मुक्तास, पहिल्या पाठाआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, आता काही सांगू नकोस, पाठाचं टाचण मंजूर झालंय." बरं. टाचणाला हात लावायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. गुरुवार, नववी ब, ओहमचा नियम. पहिल्याच पाठाला प्रयोग घेतेस याचा मला अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो.

प्रयोगाचं तेवढं सांगते. शाळेच्या कपाटातल्या सेलांच्या भरवशावर राहू नकोस, चार नवे आण. जुना सेल नुसता मोजला तर दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि तार जोडली की मान टाकतो. जोडणीच्या तारांची टोकं पॉलिश पेपरने घासून तांबं लख्ख दिसू दे. काटा थरथरतो तो बहुतेक वेळा तिथल्या मळामुळेच. ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर नायक्रोमच्या तारेच्या दोन टोकांना समांतर, हे तुला झोपेतही येतं. पण घाबरल्यावर हात चुकतो. ॲमीटर समांतर लागला तर त्याचा रोध अगदी कमी असल्यामुळे भलतीच धारा त्यातून जाते आणि तो जळू शकतो. व्होल्टमीटर एकसर लागला तर ॲमीटरचा काटा जागचा हलत नाही आणि वर्ग हसायला लागतो. अर्धा मीटर नायक्रोम घे. बुधवारी संध्याकाळी चारही सेल लावून काटा पट्टीबाहेर जात नाही ना ते बघ. जात असेल तर तार लांब कर. प्रत्येक वाचनानंतर कळ काढायची, नाहीतर तार तापते आणि सेल उतरतात.

साठ मुलांना टेबलावरची तबकडी दिसत नाही. हजेरीपटावरून दोघांना पुढे बोलव. सारखे हात वर करतात ते नकोत. एकाने काटा वाचायचा, दुसऱ्याने फळ्यावर लिहायचं. त्याआधी लघुत्तम माप, म्हणजे तबकडीवरचं एक बारीक घर केवढ्याचं ते, त्यांनाच काढायला सांग. आणि विचारल्यावर थांब, मुक्ता. उत्तर तू देऊ नकोस.

१९७०च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. फळ्यापाशी उभं राहिल्यावर तीन सेकंद फार मोठे वाटतात. तुला तर जास्तच वाटतील. विनयला कोणी नाव विचारलं की तूच सांगून मोकळी व्हायचीस, तो "वि"वर अडायचा आणि तुला ते बघवायचं नाही. त्या दिवशी देवळाच्या पायरीवर काकूने तुझ्या तोंडावर हात ठेवला, तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि विनयने नाव सांगितलं, आडनावासकट. तुझी माया होती ती, मला ठाऊक आहे. पण नववीच्या वर्गात असे किती विनय बसलेले असतील!

कुठून कुठे गेले. तर वाचनं. नियमाप्रमाणे विभवांतराला धारेने भागल्यावर दर वेळी एकच उत्तर यायला हवं, पण ती तंतोतंत सारखी येणार नाहीत. ३.०, ३.१, २.९ अशी काहीतरी येतील आणि कोणीतरी म्हणेलच, "बाई, सारखं नाही आलं." हाच तुझ्या तासातला सोन्याचा क्षण. आकडा खोडून जुळवून घेऊ नकोस. "का नसेल आलं?" एवढंच विचार आणि गप्प राहा. काटा तिरपा बघितला, तार तापली, लघुत्तम मापापेक्षा बारीक वाचता येत नाही, सगळं मुलांकडूनच येईल, तू येऊ दिलंस तर. वेळ उरला तर ओहमचं सांग. तोही शाळामास्तरच, कोलोनला गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. रासायनिक घटाचं विभवांतर स्थिर राहीना म्हणून, पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून, त्याने तांबं आणि बिस्मथचं तापयुग्म वापरलं, म्हणजे दोन धातूंचे जोड, एक गरम नि एक थंड ठेवला की विभवांतर देणारे. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तेव्हा कुठे आकडे जुळले, आणि १८२७ साली पुस्तक निघालं.

एखादा हुशार मुलगा विचारेल, नायक्रोमऐवजी टॉर्चचा बल्ब लावला तर? गुणोत्तर बदलत जाईल, कारण फिलॅमेंट तापून त्याचा रोध वाढतो. नियमातले "भौतिक अवस्था कायम असताना" हे शब्द एरवी मुलं नुसते पाठ करतात, ते इथे कळतात. म्हणून नियमाचं विधान शेवटीच फळ्यावर येऊ दे. हेतुकथनात, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगताना, नियमाचं नाव पुरे.

टाचणात शिरले ना शेवटी. माफ कर. तुझं तू नीट केलं असशील.

निरीक्षक मागच्या बाकावर बसून लिहीत असतील. वर्ग गप्प झाला की त्यांचं पेन चाललेलं दिसेल आणि तुला वाटेल, गेले गुण. तिथेच तू घाईने बोलून टाकशील, याची मला भीती आहे. आवाज भराभर चढायला लागला की समजायचं, खडू खाली ठेवायचा, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकदा नजर फिरवायची. आणि "कळलं का?" विचारू नकोस. साठ जण "होऽऽ" म्हणतात आणि त्यातून काहीच समजत नाही. त्यापेक्षा, "तार दुप्पट लांब केली तर धारेचं काय होईल, वहीत लिहा," म्हण आणि बाकांमधून फीर. वह्यांत दिसतं.

गुण कमी पडले तरी चालतील, असं लिहिणार होते. तुला चालणार नाही, तेव्हा राहू दे.

विनय बुधवारी दुपारच्या एसटीने येतोय. त्याच्याबरोबर नायक्रोमची तार, पॉलिश पेपर आणि दोन जादा कळा पाठवते आहे. तार सोडताना पीळ पडू देऊ नकोस. दोन फेरे एकमेकांना टेकले तर मधली लांबी फुकट जाते आणि रोध कमी भरतो. सेल तिकडेच घे, पण दुकानातच तार जोडून व्होल्टमीटर लावून बघ.

तुझी,
आई