फोटो काढला कोणी, मालकी कोणाची?

रविवारच्या पुरवणीतला स्वतंत्र डॉक्युमेंटरी फोटोग्राफरच्या करिअरवरचा लेख वाचला, आवडलाही, पण सगळी जागा भटकंती आणि कॅमेऱ्यांनाच गेली आणि फोटोचा हक्क कोणाकडे राहतो याबद्दल त्यात एक ओळसुद्धा नाही, हे फार खटकलं. या पेशात पोट भरतं ते यावरच. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सिमोर आणि जॉर्ज रॉजर या फोटोग्राफरांनी मॅग्नम ही सहकारी संस्था काढली तीच मुळी कॉपीराइट मासिकाकडे न जाता फोटोग्राफरकडे राहावा म्हणून, म्हणजे एकदा छापलेला फोटो पुन्हा दुसऱ्याला देता येईल आणि त्या पैशातून पुढचं काम करता येईल. ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तिआओ साल्गादो तर १९९४ मध्ये मॅग्नममधूनही बाहेर पडले आणि पत्नी लेलिया यांच्यासोबत फक्त स्वतःच्या कामासाठी वेगळी एजन्सी काढली.

असं काम वर्षानुवर्षं चालतं हो. अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथ १९७१ मध्ये जपानच्या मिनामाताला गेले, पाऱ्याच्या विषबाधेनं उद्ध्वस्त झालेल्या माणसांमध्ये जवळजवळ तीन वर्षं राहिले, १९७२ मध्ये मारहाण झाली, डोळ्याला गंभीर इजा झाली तरी थांबले नाहीत. एवढं सोसून काढलेल्या फोटोंचे सगळे हक्क एका सहीनं कायमचे निघून जात असतील तर नवीन मुलामुलींना ते आधीच कळायला हवं. तुमच्या पुढच्या लेखात करार कसा वाचायचा, फोटो एकदाच वापरायला देणं आणि कायमचा देऊन टाकणं यात फरक काय, हे जरूर छापा.

– एक वाचक